सांडव्यातला बोळा

“पाव्हणं, ह्यो दुसरा पाइप कोरडाच कसा वो?”

आबांनी हे विचारलं तेव्हा ते आमच्या हॉलमध्ये माशांच्या टँकपुढे स्टूल टाकून बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर हातरुमाल, आणि मान इतकी पुढे काढलेली की नाक काचेला टेकायचं तेवढं बाकी होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. वाकू नका, ओझं उचलू नका, डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका, एवढं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाण्याकडे बघू नका असं काही ते म्हणाले नव्हते.

आबा म्हणजे महिपती निकम, माझे सासरे. पाटणच्या वरच्या खोऱ्यातल्या एका धरणावर एकतीस वर्षं त्यांनी दरवाजे उघडले आणि बंद केले. मी दिगंबर शेटे, कराडात चष्म्याचं दुकान चालवतो. आमच्याकडे जावयाला पाव्हणं म्हणायची रीत आहे, त्यामुळे त्या आठ दिवसांत माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून मी पाव्हणा झालो होतो. याला आता चौदा वर्षं झाली.

“तो कोरडाच असायला हवा, आबा,” मी म्हणालो आणि खूश होऊन त्यांच्या शेजारी बसलो. माझ्या टँकबद्दल आपण होऊन कुणी काही विचारलं तर मी दुकान उघडायचं विसरतो, असं माझी बायको वैजू सगळ्यांना सांगत असते.

टँक चार फुटी, खाऱ्या पाण्याचा. आत कोरल आणि दोन नारिंगी मासे. खाली कपाटात दुसरी टाकी. वरच्या टँकच्या कोपऱ्यात काचेचा एक उभा कप्पा आहे; वरचं पाणी त्यात सांडतं, पाइपातून खालच्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. कप्प्यात दोन पाइप. एकाला खाली कपाटात पाणी कमी-जास्त करायची चावी बसवलेली, सगळं पाणी त्यातून जायचं. दुसरा उंच आणि उघड्या तोंडाचा. पहिला कधी तुंबलाच तर पाणी चढून ह्या दुसऱ्यातून निघून जावं, हॉलमध्ये येऊ नये, एवढंच त्याचं काम.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

“म्हंजे ह्यो सांडवा झाला की! आन ही चावी म्हंजे दरवाजा. वरनं आवक, खालनं जावक. आवो, आमचं धरानच आणून ठिवलंय की तुमी घरात!”

आठ दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

एरवी आबा आमच्या घरात असे राहत, की कुणाला आपला धक्का लागू नये. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं याची त्यांची म्हणून एक मोजणी होती आणि ती आठ दिवसांतच संपत आली होती. भाजीत मीठ जास्त झालं तरी “झ्याक झालीया”. काळा चष्मा मी स्वतः दुकानातून आणून बसवला होता. त्याची काडी कानामागे रुतून वळ उठला, तरी चार दिवस ते “लई ग्वाड बसलाय” म्हणत होते. वैजूने वळ बघितला आणि मला फैलावर घेतलं. मी विचारलं, “आबा, बोलला का नाहीत?” ते हसून म्हणाले, “जावयानं दिल्याली वस्तू. तिला काय नावं ठिवायची?”

गोष्ट अशी होती की आम्हाला त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं होतं. सासूबाई जाऊन चार वर्षं झालेली, वैजू एकुलती एक. गावी ते एकटे. दिवाळीनंतर न्हाणीत पाय घसरून पडले, तर दोन तास कुणाला पत्ता नव्हता. शेजारची दूध घालायला आली म्हणून कळलं. वैजूचा तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवे होते. माझे वडील मी सातवीत असताना गेले. घरात एक वडीलधारा माणूस खाकरत हिंडतोय, हे मला नुसतं ऐकायलासुद्धा बरं वाटत होतं. पण विषय काढला की आबा म्हणत, “सोमवारी डागदरला डोळा दावतो आन जातो.”

त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी वैजू स्वयंपाकघरात मला दबक्या आवाजात म्हणाली, “अहो, आबांना झोप लागत नाही. तुमचा टँक गुडगुडतो त्यांच्या कानाशी. दिवाण हॉलमध्ये, दुसरीकडे कुठे टाकणार? बोलायचे नाहीत ते. पण सोमवारी उठून जातील आणि आपण बघत बसू.”

टँक गुडगुडत होता हे खरं होतं. चावी जरा जास्त उघडी राहिली की पाइप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि हुक्क्यासारखा बोलायला लागतो. जरा जास्त आवळली, की कप्प्यात पाणी चढतं आणि दुसऱ्या पाइपात टपटप गळत राहतं. पंप जेवढं वर देतो, नेमकं तेवढंच पाणी चावीतून खाली गेलं पाहिजे. मगच टँक गप्प बसतो. हे जमवायला धीर लागतो आणि तो माझ्याकडे नाही. मी कपाट उघडून बसलो. चावी थोडी आवळली, कान लावला, पुन्हा सोडली, पुन्हा आवळली. दर अर्ध्या मिनिटाला नवा आवाज.

आबा स्टुलावर बसून बघत होते. त्यांचं बोट गुडघ्यावर टकटक करत होतं.

“पानी बसायला...” ते म्हणाले आणि थांबले.

“काय आबा?”

“न्हाई, काय न्हाई. तुमी करा. तुमाला म्हाईत.”

तासाभराने गुडगुड थांबली, पण टपटप सुरू झाली. मी वैतागून तशीच सोडून दिली.

शुक्रवारी सकाळी आबा अंघोळीला गेले होते. मला दुकानात जायची घाई होती आणि टपटप चालूच होती. माझ्या हाताशी चष्म्याच्या फ्रेमा येतात त्या खोक्यातला फोमचा तुकडा होता. मी तो दाबून त्याचा बोळा केला आणि दुसऱ्या पाइपाच्या तोंडात खुपसला. फोममधून पाणी निमूट झिरपायला लागलं. आवाज साफ बंद. हॉल इतका शांत झाला की भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. टँक ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, तो उघडा पाइप बंद करायचा नसतो हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं. मलाही शिकवलं होतं. रविवारी निवांत बसून चावी जमवू आणि बोळा काढू, असं मी मनाशी म्हटलं.

“आबा, आज दुपारी झोपा मस्त,” मी जाताना सांगितलं. “आवाज बंद केलाय.”

“बरं,” आबा म्हणाले. ते टँककडे बघत होते.

तीन वाजता वैजूचा फोन आला. ती बालवाडीत शिकवते, नुकतीच घरी पोचली होती. फोनवर ती नीट बोलतच नव्हती. “पाणी... आबा... लवकर या,” एवढंच कळलं. मी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम तशीच ठेवून धावलो.

जिन्यावरूनच पाणी खाली येत होतं. हॉलमध्ये घोट्याला लागेल एवढं नाही, पण सगळीकडे. आणि त्या खाऱ्या पाण्यात आबा गुडघ्यांवर बसून, पंच्याने पाणी टिपून बादलीत पिळत होते. वाकू नका म्हणून सांगितलेला माणूस. काळा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. वैजू त्यांना दंडाला धरून उठवत होती, रडत होती, आणि ते उठत नव्हते. दारात खालच्या मजल्यावरच्या कोरे काकू उभ्या होत्या. त्यांच्या छताला धार लागली होती.

मी आधी बटण बंद केलं. पंप कोरडा फिरून जळाला होता, त्याचा वास सुटला होता. मग आबांना उचलून सोफ्यावर बसवलं.

“चूक माजी हाय,” आबा कोरे काकूंकडे बघत म्हणाले. “लाइट गेली. पंप थांबला, पर वरचं पानी खाली येतच ऱ्हायलं. खालची टाकी भरत चालली, काठाला आली. वरनं आवक न्हाई, मग जावक कशाला, म्हनून म्या चावी बंद केली. हात आपसूक ग्येला. लाइट आली की उघडायची म्हनलं. तवर वैजीनं सांगितल्यालं डोळ्यांतलं थेंब घातलं, धा मिनटं डोळं झाकून पडलो. आन डोळा लागला. लाइट कवा आली, कळलंच न्हाई.”

त्या वर्षी कराडात दुपारचं भारनियमन रोजचं होतं. लाइट गेली की खालची टाकी थोडी चढते आणि आपोआप थांबते. तेवढी जागा मी मोकळी ठेवलेलीच होती. हे मी आबांना कधी सांगितलंच नव्हतं. आणि चावी बंद राहिली म्हणून तरी काय बिघडणार होतं? पंप सुरू होऊन पाणी चढलं असतं, ते दुसऱ्या पाइपाने खाली गेलं असतं. तो त्याचसाठी होता.

मी कप्प्यात हात घातला. बोळा जागेवरच होता, फुगून घट्ट बसलेला. तिघांचीही पाठ माझ्याकडे होती असं मला वाटलं. मी बोळा उपटला, मुठीत दाबला आणि पँटच्या खिशात घातला. खिसा ओला झाला.

मग मी आबांजवळ गेलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “असू द्या आबा. होतं असं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

म्हणजे, मी त्यांना माफ केलं.

कोरे काकू म्हणाल्या, “जावई हिऱ्यासारखा आहे हो तुमचा. दुसरा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं.” वैजूने डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं, इतक्या मायेने की मला तिच्याकडे बघवेना. आबांनी फक्त चष्मा वर सरकवला.

त्या दिवशी मी पंप आणला, टँक सुरू केला, मासे वाचले, फरशी तीनदा पुसली. सगळी कामं केली, आणि सांगायचं तेवढं सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी आबा टोपी घालून, पिशवी भरून दारात उभे होते.

“सोमवारी डागदरकडं गावाकडनंच यीन,” ते म्हणाले.

“आबा, एका डोळ्याने दिसतंय तुम्हाला!” वैजू म्हणाली. “न्हाणीत पुन्हा पडलात तर? तिथे कोण आहे? काल कुणी तुम्हाला एक शब्द तरी बोललं का?”

“न्हाई की. कोनी काय बोललं न्हाई.” त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “म्हनून तर चाललो, पोरी. एवढं नुस्कान करून वर गोड बोलून घ्यायचं, बरं दिसत न्हाई त्ये.”

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. त्यांनी तिला हळूच बाजूला केलं. मी म्हणालो, मी सोडतो. वैजूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाटेत काहीतरी जादू करून त्यांना परत आणणार आहे.

कराडचं एसटी स्टँड घरापासून गाडीवर दहा मिनिटं. मला ती दहा मिनिटं पुरली नाहीत. स्टँडवर पाटणची गाडी लागलेली होती. आबांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, “चला पाव्हणं, सुखात ऱ्हावा,” म्हणाले, आणि जावयाला करतात तसा मला नमस्कार केला. सत्तरीचा माणूस, एका डोळ्यावर अजून पट्टीची खूण, आणि मला हात जोडतोय.

“आबा, थांबा.” मी म्हणालो. “चूक तुमची नव्हती. दुसऱ्या पाइपात मी बोळा घातला होता. काल सकाळी. आवाज बंद करायला. तो नसता तर एक थेंब बाहेर आला नसता. आणि काल सगळ्यांसमोर मी तो खिशात घातला.”

आबांनी जोडलेले हात खाली घेतले.

“मला म्हाईत हाय,” ते म्हणाले.

“काय?”

“खिशात घातला त्ये काचंत दिसलं. आन पाइपात हाय, त्ये सकाळीच बगितलं हुतं. तुमी दुकानात जायाच्या आदी.”

“मग... मग तुम्ही मला बोलला का नाहीत?”

“कसं बोलू?” आबांनी पिशवी खाली ठेवली. “जावयाच्या घरात, जावयाचं काम. त्यात म्या त्वांड घालायचं? तुमी चावी फिरवत हुता तवा बी दिसत हुतं चुकतंय त्ये. पानी बसू द्यायचं असतंय. बोललो न्हाई. बोळा दिसला, बोललो न्हाई. हाच बोळा धरनाच्या सांडव्यात कोन्या सायबानं घातला असता ना, त्या सायबाला म्या दरवाज्यावरनं खाली वाकवून सांडवा दावला असता. तितं मी शिपाई हुतो, पर बोलत हुतो.” ते थांबले. त्यांनी टोपी सारखी केली. “आन इतं म्या कडंला बसून बगत ऱ्हायलो. लेकीचं घर भिजलं. जितं दिसतंय त्ये बोलता येत न्हाई, तितं मानूस किती दिस ऱ्हाईल, पाव्हणं? तुमी वाईट न्हाई. पर मला न्हाई जमायचं.”

कंडक्टर दारात येऊन ओरडला, “पाटण, पाटण! चला लवकर!”

आबा पिशवी उचलायला वाकले. मी पिशवीवर पाय ठेवला. सासऱ्याच्या पिशवीवर पाय ठेवणारा जावई कराडच्या स्टँडवर तोवर कुणी पाहिला नसेल.

“मग आता बोला,” मी म्हणालो. “काल बोलायचं होतं ते आता बोला. धरणावर बोलला असता तसं.”

“पाय काढा, पाव्हणं. लोकं बगत्यात.”

“बघू द्या. मी लहान असताना बाप गेला माझा, आबा. चुकल्यावर मला ओरडायला कुणी राहिलंच नाही. म्हणून मी बोळे घालत सुटतो. बोला.”

आबांच्या जबड्याचं हाड हललं. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्या पायाकडे. मग काळा चष्मा काढून हातात घेतला.

“आरं, तुला अक्कल हाय का?” ते म्हणाले.

पहिलं वाक्य हळूच आलं. दुसरं तसं आलं नाही.

“सांडव्यात बोळा घालतोस? सांडव्यात? आवाज येतोय म्हनून? आवाज येतोय म्हंजे पानी सांगतंय तुला, चावी चुकलीया! त्याचं त्वांड बंद करतोस व्हय? चावी एक चिमूट फिरवायची आन गप बसायचं! पाच मिनटं, धा मिनटं! पान्याला बसू द्यायचं! तू काय करतोस, आवळ, सोड, आवळ, सोड, खुळ्यागत! आन केलंस तर केलंस, सांगायचं! म्हाताऱ्याच्या नावावर खपवून वर खांद्यावर हात ठिवतोस? लाज न्हाई वाटली? माजी लेक तुला द्येव समजून बसलीया, आन तू खिशात बोळं घालून हिंडतोस!”

एकतीस वर्षं पाण्याच्या आवाजातूनही पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं ओरडायची सवय असलेला तो आवाज होता. शेंगदाणेवाला थांबला. पोरींचा एक घोळका थांबला. गाडीतल्या लोकांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. मी मान खाली घालून उभा होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“म्हातारबा,” कंडक्टर म्हणाला, “चढताय का? घंटी मारू?”

“मार की!” आबा त्याच्यावरही ओरडले. “माजं ह्या पोराशी काम हाय. ह्याला आदी घरी न्हेऊन वैजीफुडं उभा करायचा हाय. मंग त्या खालच्या बाईफुडं. समद्यांस्नी सांगायचंस, आपल्या तोंडानं. समजलं?”

“हो, आबा.”

“आन मंग ती चावी मी बसवनार. तू हात लावायचा न्हाई.”

“नाही लावत.”

गाडी धूर सोडून गेली. आबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या पायाकडे बोट केलं. मी पाय काढला, पिशवी उचलली, झटकली, आणि आम्ही स्कूटरकडे गेलो. ते मागे बसले. माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला. येताना त्यांनी मागची कडी धरली होती.

“चल, काढ गाडी,” ते म्हणाले. “आन दमानं. येताना एक खड्डा सोडला न्हाईस.”